मेदेरच्या हाताचे ओरखडे

ओरोझाली उस्ताने नारिनच्या बाजारात एक कानस निवडायला अख्खी दुपार घालवली. मी त्याचा शेजारी, गाडी घेऊन बाहेर ताटकळत होतो. शेवटी वैतागून आत गेलो, तर म्हाताऱ्याने लोकरीच्या नमद्यात गुंडाळून आणलेलं अर्धवट धनुष्य दुकानदाराच्या पुढ्यात उलगडून ठेवलेलं.

उस्ता म्हणजे कारागीर; तो जन्मभर धनुष्यं करत आला, पण हे त्याच्या मुलाचं, मेदेरचं. मेदेर नदी ओलांडताना घोड्यासकट बुडाला, तेव्हा धनुष्य तासून झालं होतं, पण जाड्या दातांची कानस एकाच बाजूवर फिरली होती. आमच्याकडे माणसाच्या वर्षश्राद्धाला मैदानात खेळ होतात. उंच खांबावर चांदी टांगायची आणि घोडा दौडवत बाणाने तिची दोरी तोडायची. ती मेदेरच्या धनुष्याने तुटावी, एवढं एकच म्हाताऱ्याने मनात धरलं होतं. मेदेरची कानस मात्र घरात नव्हती. मयताला आंघोळ घालणाऱ्यांना त्याच्या वस्तू द्यायची रीत, त्यात तीही गेली. दिलेलं परत मागायचं कसं?

मेदेर डावखुरा. त्याचे ओरखडे लाकडावर उलटे तिरके उमटलेले. उस्ता एकेक कानस उचलून तिचे दात त्या ओरखड्यांवर ठेवून बघत होता.

"बाबा, कानस घेताय की सोयरीक जुळवताय?" दुकानदार म्हणाला. "काम वाकवण्यापर्यंत आलंय. आता बारीक दातांची लागते. ही जाडी घेऊन काय करणार?"

"मला शिकवतोस होय रे?"

घेतली ती जाडीच. गाडीत मला राहवलं नाही. "उस्ता, मेदेरने आत्ता ही उचलली असती, तर तुम्ही त्याचा कान पिळला असता."

"पिळला असता," तो म्हणाला आणि त्याने कानस धनुष्याशेजारी नमद्यात गुंडाळली. माझी जीभ हासडावी असं मला वाटलं.

घरी त्याने माझ्यादेखत दुसरी बाजू डाव्या हाताने घासली. आयुष्यभर उजव्या हाताने काम केलेला माणूस! बोटं सोलवटून घेतली, पण ओरखडे हुबेहूब मेदेरसारखे काढले. मग दोरी चढवली. त्याची बाजू छान वाकली, मेदेरची ताठच राहिली. ती अजून जाड होती, घासावीच लागणार होती. हे उस्ताला बाजारातही ठाऊक होतं.

त्याची बायको सालिका चहा घेऊन आली, तिने बघितलं. "अहो, हे लंगडं धनुष्य चार लोकांत नेणार? माझ्या लेकाला हसतील."

"घासलं तर त्याचा हात पुसला जाईल गं."

"तोच राहिला नाही, हात कुठला धरून बसताय?" एवढं बोलून ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

उस्ता उठला. बारीक कानस त्याच्याकडे होतीच, वर्षानुवर्षं वापरलेली. सालिकाने रडत रडतच धनुष्याचं टोक धरलं आणि तो घासत गेला. मला बघवेना, मी घरी निघून आलो.

श्राद्धाच्या दिवशी पहिल्याच स्वाराने त्या धनुष्याने चांदीची दोरी तोडली. मैदान दणाणलं. "मेदेरचं धनुष्य! मेदेरचं धनुष्य!" लोक येऊन उस्ताला मिठ्या मारत होते. तो प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होता.

गर्दी पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. धनुष्य त्याने काखेत धरलं होतं.

"सगळे त्याचं म्हणतायत रे," तो म्हणाला. "त्याचं होतं तेवढं मी घासून टाकलं."