अंजूरची खाडी

नव्वदनंतरची गोष्ट. भिवंडीत एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मी कागदी नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायची. खाली लूम सुरू झाले की टेबल थरथरायचं. शेजारच्या टेबलावर अंजूरचा एक सहकारी होता. माझा नकाशा संपे तिथून त्याचा सुरू होई. दोन्हीकडचे रस्ते, ओढे, खाडी कडेला नेमके जुळावे लागत.

एकदा खाडीचा काठ जुळेना. माझ्या नकाशात खाडी जमिनीत बरीच आत शिरलेली, त्याच्या नकाशात बाहेरूनच वळलेली.

"चल, जाऊन बघू. आमच्या गावचीच तर खाडी," तो म्हणाला.

रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. भरतीची वेळ होती. त्याच्या घरच्याच जमिनीत पाणी चढलेलं दिसलं. "तुझी रेषा बरोबर आहे. मी माझी सुधारतो," तो म्हणाला.

मग त्यानं मला घरी नेलं. आम्ही बौद्ध, अशा वेळी ओटीवरच थांबायची मला सवय. त्याची आई बाहेर आली. "भायेर कशाला बसतेस गो? आत ये. जेवल्याबिगर जायचं न्हाय." चुलीशेजारी बसून मी पोटभर जेवले. तेव्हापासून मी त्याला भाऊच मानत होते.

महिन्याभरानं दोन्ही नकाशे एकत्र छापून आले. काठ जुळला होता, पण सरकली होती माझी रेषा. भरतीचं पाणी पाहिलं होतं तिथं नकाशात आता कोरडी जमीन होती.

"माझा नकाशा तू बदललास?"

त्यानं मान वर केली नाही. "जुळलं ना? तिथं गोदाम व्हायचंय. खाडी दिसली तर पार्टी मागं फिरेल. तुझं काय जातंय?"

मी साहेबांकडे गेले. त्यांनी त्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "हिची रेषा चुकली होती, साहेब. आम्ही दोघं जागेवर जाऊन बघून आलो, मगच बदलली."

"गेला होतात?" साहेबांनी मला विचारलं.

"हो, पण–"

"मग झालं तर."

दुपारी त्यानं नेहमीसारखा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. मी माझा डबा घेऊन जिन्यात जाऊन बसले. त्यानं मला गावी नेलं ते खाडी बघायला की असं साक्षीला धरायला, हे मला आजही कळलेलं नाही. पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली.