त्रेचाळीस कौलं आणि एक कौल

माघातला पहिला मंगळवार, सकाळचे सव्वासात. नुकसान : छपराची त्रेचाळीस कौलं, दोन वासे, एक चहाचं पातेलं. हजर : मी, माझी बायको आणि हिरड्याचं झाड.

हे झाड आदल्या दिवसापर्यंत आमच्या घरामागच्या देवराईत उभं होतं. आता मुळं देवराईत आणि शेंडा आमच्या चुलीपासून सव्वा हातावर. पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला नाही. बायको चहा ठेवून गोठ्यात गेली, परत आली तर पातेल्याच्या जागी फांदी.

"अवं, उठा. पाव्हणं आल्यात."

"कोण?"

"हिरडा."

देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे वेल्ह्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. दोर लावून सरळ करायचं म्हटलं तरी देवीचा कौल लागतो. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गुरवांनी त्याच दिवशी फुलं लावली. मी घड्याळ बघत बसलो. एक तास चाळीस मिनिटं. एकही पडलं नाही.

"आई बोलंना," गुरव म्हणाले. "फुडल्या मंगळवारी बगू."

"तोवर?"

"तोवर पाव्हणा हाय तुमचा. नीट वागवा."

आम्ही वागवला. फांदीवरून एक शेकरू उतरून जेवायला बसू लागलं, म्हणून तिसरं ताट मांडलं. शेजारच्या बाया येऊन हिरड्याला हळदकुंकू लावून जात आणि "जरा उतरल्यागत वाटतंय" असं म्हणून माझ्याकडे बघत. एका लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर आमच्या नावाखाली पेनाने लिहिलं होतं : "व हिरडा."

दुसऱ्या मंगळवारीही फुलं जागची हलली नाहीत. त्याच संध्याकाळी बायको भाकरी भाजत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जाळ बारीक कर. त्याला झळ लागतीय."

तिने भाकरी तव्यावरच ठेवली. "सव्वीस वर्सं मला झळ लागली, ती न्हाई दिसली तुमास्नी. आता ह्या घरात ह्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती सारोळ्याला माहेरी गेली. मी भाकऱ्या थापू लागलो. पहिल्या दिवशी शेकराने अर्धी टाकली, दुसऱ्या दिवशी वास घेऊन वर निघून गेलं. हिरड्याला मात्र पालवी फुटली, नेमकी मसाल्याच्या डब्यावर. चार दिवसांत मला कळलं की हे झाड न माझं ऐकणार, न देवीचं. आणि बायको दिल्या शब्दाची पक्की.

आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त देवळासमोरच्या दगडावर. तिथे उभं राहून फोन केला.

"कौल मिळाला का?" तिने विचारलं.

"न्हाई."

"किती पायजेत?"

"देवीचा एक, छपराची त्रेचाळीस."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या मंगळवारी अर्धं गाव देवळात. फुलं डिंकाने लावल्यासारखी. आरती झाली, गुरवांना घाम फुटला. त्यांनी हात जोडले, "आई, अंत बघू नगंस. एक कौल दे!"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरने दारातून डोकं आत घातलं.

"कौलं आणल्यात. पन्नास. कुठं उतरवू?"

मग गावातली सगळ्यात वयस्कर म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "मागितला एक, दिलं पन्नास! आई हाय का कोण!"

"पर फुलं..." गुरव चाचरले.

"गुरवा, आईनं टेम्पो धाडला, आन् तू फुलं बगत बसतुयास?"

सगळे दोर आणायला पळाले. मी ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, कुणी पाठवलं. "सारोळ्याच्या काकींनी. म्हणल्या, घराकडं न्यायचं न्हाई, देवळाच्या दारात. आन् आरती व्हईस्तवर रस्त्यातच थांब."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सोळा जणांनी दोर ओढला. हिरडा कुरकुरत उभा राहिला, दोन टेकू लावले. दुपारच्या एसटीने बायको आली. घरात न शिरता आधी देवळात गेली. तिने वाकून नमस्कार केला आणि उजवं फूल टपकन पडलं. तिने देवीला काय विचारलं होतं, हे मी विचारलं नाही.

"पन्नास का? त्रेचाळीस सांगितली होती," मी एवढंच म्हणालो.

"सात जास्तीची ऱ्हाऊ द्या. तुमचा काय नेम? उद्या आनखी कुणाला तरी घरात घ्याल."

शेवटी दिलं ते असं : टेम्पोवाल्याला कौलांचे पैसे आणि भाडं, देवीला एक नारळ, सोळा जणांना चहा. आणि शेकराला रोज एक भाकरी. ती बायकोच्या हातचीच लागते.