हवा सांगणारा केस

आजवर माझ्या हातून कपबशा फुटल्या आहेत, दुसऱ्यांच्या छत्र्या हरवल्या आहेत, एका शेजाऱ्याचा बोलका पोपट तर माझ्याच कृपेने खिडकीबाहेर गेला आहे. पण मी एक केस तोडला आणि अख्ख्या घराचा श्वास अडकला, असं फक्त वाफकाकांकडेच झालं.

आठवडाभर गावावर धुकं बसलं होतं. पडलं नव्हतं, बसलंच होतं; चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. दारं फुगून चौकटीत अडकत होती, पाकिटं न चाटता चिकटत होती, मिठाच्या बरणीला उलटी करून पाठीत धपाटे घालावे लागत होते. अशा दिवसांत आमच्या इमारतीतली माणसं आपापली ओल घेऊन वरच्या मजल्यावर जातात. वाफकाकांची पुढची खोली ही आमच्याकडची सगळ्यात कोरडी जागा. दाराशी एक टोपली असते. तिच्यात कोणाच्या काडेपेट्या, कोणाची मऊ पडलेली बिस्किटं, खालच्या मास्तरांचा कॅमेरा असं काहीबाही सुकत पडलेलं असतं.

मी बूट घेऊन गेलो. आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "बूट बाहेर. दमट चालेल, ओलं नाही."

बूट बाहेर ठेवून मी आत पाऊल टाकलं. समोरच्या भिंतीवर, वरच्या खिळ्यापासून खाली, एक बारीक धागा लोंबत होता. कोळिष्टक! एवढ्या टापटिपीच्या घरात! वडीलधारी माणसं, नजर पोचत नसेल, असा विचार करून मी प्रेमाने बोट फिरवलं. टिक् झालं. धाग्याच्या टोकाशी अडकवलेली गवताची एक काडी माझ्या पायाशी पडली.

काका दारात उभे होते. त्यांनी आधी भिंत पाहिली, मग माझं बोट.

"तोडलास?"

"कोळिष्टक होतं, काका."

"कोळिष्टक नव्हतं. तुझी काकू होती."

मी घाबरून आत पाहिलं. काकू धडधाकट होत्या आणि शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "उरलेली मी इथे आहे. ये, बस. आणि कशाला हात लावू नकोस."

वाफकाकांनी एका मोठ्या लाँड्रीत चाळीस वर्षं इस्त्री केली. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ कोणावर येत नाही. माणूस उंच, सरळ. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा घडी घालून ठेवल्यासारख्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबरची मंडळी समुद्र बघायला गेली. काका म्हणाले, "पाणी पुष्कळ पाहिलं," आणि त्यांनी खोलीभर अशी झाडं आणली की ज्यांना तीन-तीन आठवडे पाणीच लागत नाही. रोपवाटिकेत त्यांना सक्युलंट म्हणतात. काका 'पोटवाले' म्हणतात. गुबगुबीत पानांची, आपापल्या पोटात साठा करून स्वस्थ बसलेली ही मंडळी पाहिली की मला जेवणानंतरचे माझे थोरले मामा आठवतात.

"यांना पाणी कोणीही घालेल," काका एकदा मला म्हणाले होते, "न घातलेलं पाणी सांभाळावं लागतं. ते हवेत असतं."

ते न घातलेलं पाणी सांभाळायला काकांनी घराची सगळी शिस्तच बदलली होती. दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर, म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याला लागायला नको. स्वयंपाक चालू असला की मधलं दार बंद आणि दाराच्या फटीशी घोंगडीची वळकटी. धुतलेला रुमालसुद्धा या खोलीत वाळत घालायचा नाही. पाणी द्यायचं ते सकाळी, मातीला, पानाला नाही. छोटा पंखा झाडांकडे नव्हे तर भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा नुसती टेहळत फिरते, कोणाला धक्का देत नाही. त्या खोलीत बसलं की दुपार हळूहळू माणसाच्या डोळ्यांत उतरते. मी तिथे कित्येकदा, त्याच भिंतीकडे पाठ करून, बिस्किटं सुकेपर्यंत थांबलोय आणि बिस्किटं न घेताच, अर्धवट झोपेत, जिना उतरलोय.

पण पंखा कधी लावायचा आणि कधी नाही, हे काकांना कळत नसे. चाळीस वर्षं वाफेत काढल्यावर त्यांच्या कातडीला सगळं जगच कोरडं वाटतं. म्हणून तो केस.

केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. काकांना हे पुस्तकात सापडलं नव्हतं. काकू त्याच लाँड्रीत कपड्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या टाचायच्या. त्यांची वेणी कमरेपर्यंत होती. "हिची वेणी लोंबायला लागली," काका म्हणाले, "की मी कोट दोनदा दाबायचो." पुढे काकूंनी केस कापले. फणीत राहिलेला एक लांब काळा केस काकांनी साबणाने धुऊन खिळ्याला बांधला आणि खाली काडी लावली. काडीमागे भिंतीवर पेन्सिलीने तीन खुणा होत्या. वर 'ठीक'. मध्ये 'पंखा'. तळाशी 'काहीतरी करा'.

मी तोडला तो हा केस. आणि तोही नेमका त्या आठवड्यात.

कारण खिडकीत 'मुका' होता. मुका म्हणजे हुबेहूब गोटा दिसणारं झाड: दोन जाड पानं, मध्ये एक फट, बस्स. सात वर्षं त्याने तोंड उघडलं नव्हतं. आता त्या फटीतून मुगाएवढी कळी डोकावत होती. गेल्या वर्षी याचाच जुळा भाऊ असल्याच धुक्यात बुडाशी मऊ पडला आणि दोन दिवसांत त्याचं पाणी झालं.

"मग पंखा चालूच ठेवा ना," मी म्हणालो.

"सुकेल कळी."

"बंद ठेवा."

"कुजेल बूड."

संध्याकाळी मी प्रायश्चित्त म्हणून दुकानातून दमटपणा मोजायचं आकडे दाखवणारं यंत्र आणलं. काकांनी ते उलटंसुलटं पाहिलं, 'अठ्ठ्याहत्तर' असं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे कोण?" मग पाहुण्याने आणलेला खाऊ ठेवावा तसं ते फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी केसाचा शोध सुरू झाला. मास्तरांच्या लेकीने देऊ केलेला केस रंगवलेला निघाला. माझ्या बायकोने एक दिला, तो तेलाचा. मी स्वतःचं डोकं पुढे केलं तेव्हा काकांनी त्याच्याकडे नांगरून ठेवलेल्या शेताकडे पाहावं तसं पाहिलं. दोन दिवस गेले. मुक्याच्या बुडाशी एक फिकट, ओलसर चकाकी दिसायला लागली. काका खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. जेवायलाही उठेनात.

"अहो," काकू दारातून म्हणाल्या, "माझ्याकडे मागितला नाहीत तो?"

"तुझे आखूड आहेत."

"आणि पांढरे. तेही म्हणा."

"पांढरे आहेत."

"दहा वर्षं रोज उठून त्या मेल्या केसाकडे बघता. डोक्यावरच्यांकडे बघितलं असतं तर आखूड किती हे तरी नीट कळलं असतं!" एवढं बोलून त्यांनी पदराने चष्मा पुसला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि तीन केस उपटले. प्रत्येक केसाला "आई गं" म्हणाल्या. तिसऱ्याला जरा मोठ्याने, काकांना ऐकू जाईल असं.

मग चिठ्ठ्या टाचून तयार झालेल्या त्या बोटांनी तीन केसांचा एक केस केला. गाठी मला दिसल्याच नाहीत. काकांनी तो धुतला, खिळ्याला बांधला, काडी लावली. पण नव्या केसाला जुन्या खुणा लागू पडेनात. काकांनी ओला टॉवेल पिळून केसाभोवती हाताने धरला. काडी सावकाश उतरली, थांबली. "इथे तळ," काका म्हणाले. काकूंनी पेन्सिलीची रेघ ओढली आणि जुन्याच अंतराने वरच्या दोन खुणा काढल्या. मग टॉवेल बाहेर ठेवून पंखा लावला. दुपारभर आम्ही तिघं त्या काडीकडे बघत बसलो. पांढरा केस भिंतीवर दिसतच नव्हता. काडी आपोआप, कोणी झोपेत कूस बदलावी तशी, वर चढत होती. खिडकीबाहेर धुकं, आत मामांसारखी झाडं, काकूंचं डोकं काकांच्या खांद्याला टेकलेलं. मला वाटतं आम्ही सगळेच थोडे थोडे आखडत होतो.

काका त्या काडीच्या हुकुमाने पंखा लावत आणि बंद करत राहिले. तीन दिवसांनी चकाकी गेली, बूड घट्ट झालं. पाचव्या दुपारी धुकं उठलं, खिडकीत ऊन आलं आणि मुक्याने तोंड उघडलं. पिवळं फूल, झाडाहून मोठं. काकूंनी हातातलं बटण खाली ठेवलं. काकांनी खुर्ची थोडी सरकवून काकूंना जागा केली.

काडी 'ठीक'वर होती. फळीवरचं माझं यंत्र पंचेचाळीस सांगत होतं, पण त्याला कोणी विचारत नव्हतं. माझा ऊर भरून आला. मी भिंतीजवळ गेलो, तो न दिसणारा केस नेमका कुठे आहे ते बघायला बोट पुढे केलं आणि हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, इतकी वर्षं तुम्ही या केसात हवाच बघत होता, की काकूंना?"

काका म्हणाले, "हात खिशात घाल."