वाळूवर पसरलेलं जाळं
सुक्या मासळीचा वास आला की सिरोंच्याची ती वाळू आठवते. पुण्याच्या पाहुण्यांना मी गोदावरीकाठानं जुन्या किल्ल्याकडे पायी नेत होतो. वाटेत वाळत घातलेलं जाळं त्यांच्या बुटांखाली फाटलं. कोळीण तेलुगूत माझ्यावर तुटून पडली, "आता मासे काय हातानं धरू? विचार यांना, कोण विणून देते?" पाहुणे म्हणाले, "काय म्हणतायत बाई?" सहल बिघडेल या भीतीनं मी सांगितलं, "पुन्हा या म्हणतात." ते खूश होऊन, तिला हात जोडून पुढे गेले. ती वाळूवर थुंकली अन् मला म्हणाली, "मले मराठी समजते, भाऊ." मी तसाच निघालो. अजूनही पाहुण्यांना तो किल्ला दाखवतो. नदीकाठ मात्र टाळतो, वाट खराब आहे असं सांगून.