सासुरवाडी चुकवून अशोकाच्या भेटीला

ऐन अधिक महिन्यात मी झाशीला उतरलो आणि सासरी कळवलं नाही. सासर झाशीतच, दतिया गेटला. एवढा गाढवपणा दुसऱ्या कुणाला सुचला नसता. मला तर तो चोख बेत वाटत होता.

झालं होतं असं, की पुण्याहून सकाळी उतरलो आणि दिल्लीची गाडी संध्याकाळी. मधल्या वेळात शेजारच्या दतिया शहराच्या बाजूला डोंगरातली ती कपार बघायची होती, जिथं सम्राट अशोकाचा लेख दगडात कोरलेला आहे. लग्नापासून दर खेपेला ती राहून जायची. सासूबाई 'चार घास' म्हणून पानावर बसवतात आणि उठेपर्यंत दिवस मावळलेला असतो. त्यात हा अधिक महिना, म्हणजे जावयाला अनारशांचं वाण. सुटकाच नाही. म्हणून 'यंदा सुट्टी नाही हो' असं फोनवर आधीच हळहळून ठेवलं होतं.

रिक्षावाल्यानं सहज विचारलं, "बाहर के हो, भैयाजी?"

मला ते लागलं. "बाहर के? झाँसी के दामाद हैं हम!" इथं तरी थांबावं? नाही. दतिया गेट, निवृत्त मराठी मास्तर, घराची खूण, सगळं ओकून मोकळा झालो. "अरे, हमारे गुरुजी के दामाद!" म्हणून तो असा हरखला की मलाही बरं वाटलं.

कपारीत शिरलो. बाहेर लू भाजून काढत होती, आत दगडाचा गारवा. त्या ओळींतलं एक अक्षर लागेना, पण केव्हातरी कुणीतरी इथंच घाम गाळत छिन्नी चालवली, या विचारानं मी एकटाच खुळ्यासारखा हसत उभा राहिलो. मनासारखं काही बघायला मिळालं की माझं असंच होतं.

बाहेर आलो तर रिक्षावाला फोनवर. "हाँ गुरुजी, बहुत खुश हैं. गुफा में अकेले हँस रहे थे." आणि फोन माझ्या हातात.

पलीकडे सासूबाई. "मिळाली का सुट्टी, जावईबापू?"

"ते... अचानक..."

"असू दे. महिना उद्या संपतोय. तुम्ही नाही म्हणालात, तरी अनारसे तळून ठेवलेत. दुसऱ्याच्या हातावर वाण ठेवायचं जिवावर आलं होतं माझ्या. घरी यायला वेळ नसेल तर आम्ही स्टेशनवर येतो."

आले दोघं. सासरेबुवांच्या हातात ताट, सासूबाईंच्या हातात निरांजन. पण फलाटावर वारा असा, की वात पेटली की विझायची. दिव्याशिवाय वाण द्यायचं नाही, यावर सासूबाई ठाम. तिकडे गाडी फलाटाला लागलेली. सासूबाई काडीमागून काडी ओढत राहिल्या आणि मला पहिल्यांदाच खरी लाज वाटली.

आमचं मराठी ऐकून ट्रंकेवर बसलेला एक फौजी उठला. जवळच्या बबीना छावणीतून सुट्टीवर निघालेला, आपल्या नगरकडचा. "काकू, लावा तुम्ही. मी आडोसा धरतो." त्याच्या बाजूला रिक्षावाला गमछा पसरून उभा. वात तगली. अर्धा फलाट बघत असताना मी वाकून वाण घेतलं, फौजीनं टाळ्या वाजवल्या आणि सासूबाईंचा चेहरा त्या निरांजनासारखाच उजळला.

गाडी हलली. दारात उभं राहून मी तोंडात अख्खा अनारसा कोंबला होता. तेवढ्यात सासूबाई सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात सासरेबुवांना म्हणाल्या, "चला, काळजी मिटली. यांना धड सासू चुकवता येत नाही, ते आपल्या पोरीला काय फसवणार!"