पहिला बुडबुडा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना बुडबुडेबाई म्हणत, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं एकच काम. सलाइनच्या नळीत बसणाऱ्या फिल्टरची चकती स्पिरिटमध्ये भिजवायची, पकडीत आवळायची, खालून हवा सोडायची आणि टक लावून बसायचं. दाब वाढत गेला की चकतीतल्या सगळ्यात मोठ्या छिद्रातून पहिला बुडबुडा वर येतो. कमी दाबालाच आला तर छिद्र मोठं, म्हणजे माल नापास. बाई "आला" म्हणत आणि शेजारचे काटेभाऊ त्या क्षणी दाबाचा काटा कुठे आहे ते लिहीत. एकाच माणसाने दोन्हीकडे बघितलं की मनाला हवा तोच आकडा दिसतो, म्हणून ही शिस्त बाईंनीच घालून दिलेली.

अलीकडे बाई फार थकल्या होत्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं सगळं उरकून कामावर यायचं म्हणजे पायांचे तुकडे पडत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टर चार महिने ऑपरेशनसाठी मागे लागलेले आणि ह्या आपल्या "करू हो" म्हणत टाळताहेत. रजा घेतली तर नवऱ्याचं कोण बघणार?

एके दिवशी काटेभाऊंना शिंक आली, मान वळली आणि नजर चकतीवर गेली.

"बाई, बुडबुडे केव्हाचे येताहेत."

"तुम्ही काट्याकडे बघा. माझ्या कामात नाक नको."

पण मनात पाल चुकचुकलीच. नवी चकती लावून त्यांनी भाऊंनाही बघायला बसवलं. भाऊ "आला" म्हणाले तेव्हा बाईंना काहीच दिसत नव्हतं. त्यांना दिसला तोवर काटा बराच पुढे सरकला होता. म्हणजे नापास मालही आपल्या हातून पास झाला असणार.

"मी नाही कुठे बोलणार," भाऊ हळूच म्हणाले. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमची."

मोह झाला, खोटं कशाला बोला. दमलेल्या माणसाला गप्प बसण्याइतकं सोपं काही नसतं. पण जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी चार महिन्यांत पास केलेल्या एकोणीस लॉटची यादी केली आणि साहेबांपुढे ठेवली.

"ह्या सगळ्यांच्या राखून ठेवलेल्या नमुन्याच्या चकत्या परत तपासा. बघायला मी नको."

साहेब यादी वाचत राहिले. "नाव खराब होईल हो तुमचं."

"होऊ दे."

तीन दिवस भाऊंनी बुडबुडे बघितले, दुसऱ्या कुणी काटा वाचला आणि बाईंनी मुकाट्याने चकत्या भिजवल्या. सतरा लॉट पास झाले, दोन नापास. दोन्ही एकाच हॉस्पिटलात गेलेले. साहेबांनी फोन लावला तेव्हा बाईंनी हात पुढे केला. इतकी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"आमचे दोन लॉट वापरू नका," त्यांनी नंबर सांगितले.

पलीकडच्या नर्सने विचारलं, तपासून आले होते ना?

"हो, मीच पास केले होते. त्यातले किती वापरले गेले आणि कुणाला, तेवढं बघा. मी फोन धरून थांबते."