कोठीतला फोन

देऊळघाटच्या आमच्या घरात जे जपायचं ते कोठीत जायचं. पत्र्याची, माणूसभर उंच ज्वारीची कोठी आणि आत दाण्यांत खुपसलेला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. आईची पोत, शेताची कागदपत्रं, सगळं त्यात. मी बाबांना बँकेचे मॅनेजर म्हणून चिडवायचे. फोन मात्र दाराजवळच्या खिळ्याला लटकायचा. वाजला की हिरवं बटण दाबायचं, एवढंच बाबांना यायचं.

आईचं दुखणं वाढलं म्हणून मी नाशिकहून निघाले. सकाळी ती फोनवर म्हणाली, "गाडीतून फोन करत राह्य वं. तुया आवाज आयकला का बरं वाटते."

मी करतच होते. दर वेळी तीच बाई सांगायची, संपर्क क्षेत्राबाहेर. गावातला दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. मलकापूरला उतरून घरी पोचले, तेव्हा आई गेलेली होती. अंगणात तिला निजवलं होतं.

"शेवटपर्यंत तुया फोन इचारत होती थे," बाबा म्हणाले. "काऊन नाही केला वं?"

दाराजवळचा खिळा रिकामा होता. नातलगांचे नंबर त्यांच्याच फोनमध्ये होते, कळवायला मी तो मागितला. त्यांनी कोठीत हात घालून डबा काढला.

"घरात बायांची गर्दी. आजच हरवला असता तर? म्हनून आत ठेवला. कोठीले कान लावूनच बसलो होतो, वाजलाच नाही."

झाकण उघडलं. थोड्या वेळात फोन टुंग टुंग करू लागला. माझ्याच मिस्ड कॉलचे कंपनीचे मेसेज, एकामागून एक.

"कंपनीवाल्याईले काई कामच नाही," बाबा चिडले.

बारावीच्या पोरांना मी हेच शिकवते. फोनची लाट धातूवर आली की बहुतेक परत फिरते. जी थोडी आत शिरते, ती केसाहून पातळ थरात विझून जाते. घंटीचा आवाज पत्र्यातून बाहेर आला असता, पण फोनपर्यंत माझी हाकच पोचली नव्हती. आणि ते बिचारे कान लावून बसलेले.

"टॉवर बंद होता, बाबा," मी म्हटलं.

"म्हंजे तू केला होता?"

"हो. सारखी करत होते."

बाबा तसेच अंगणात गेले. आईजवळ खाली बसले, तिच्या कानाशी वाकले.

"आयकलं काय? पोरगी करतच होती. टॉवर बंद होता."